अमेरिकेतल्या कॉलेजची पोहण्याची अट आणि पाण्याची भीती: आधी श्वास, मग हातपाय

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीला अमेरिकेत एमआयटीमध्ये पदवीसाठी प्रवेश मिळालाय. ऑगस्टच्या शेवटी तिथे पोचायचंय. नियम वाचताना तिला कळलं की तिथे पोहता येणं सक्तीचं आहे. लहानपणी आजोळी मामेभावंडांनी तिला विहिरीत ढकललं होतं. तेव्हापासून कमरेपर्यंत पाणी आलं की तिच्या छातीत धडधडतं आणि श्वास अडकतो. ती विचारते: ही अट नेमकी काय आहे, तिच्यापायी पदवी अडकेल का, आणि दोन-अडीच महिन्यांत ही भीती जाईल का?

मी पुण्यात पोहायला शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण मोठ्या वयाचे आणि पाण्याला घाबरणारे असतात, आणि दर उन्हाळ्यात परदेशी निघालेली मुलंमुलीही त्यांत असतात. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तरच देते.

आधी पदवीचं. ती अडकणार नाही. एमआयटीत पदवीच्या विद्यार्थ्यांना 100 यार्ड न थांबता पोहून दाखवावं लागतं, म्हणजे 25 यार्डांच्या चार फेऱ्या. मीटरमध्ये ते 91 आणि थोडं वर होतं. आपल्याकडच्या 25 मीटरच्या तलावात चार फेऱ्या पोहलीस तर तिथल्यापेक्षा जास्तच अंतर होतं. वेळेचं बंधन नाही. कुठल्याही पद्धतीनं पोहलं तरी चालतं, पोटावर, पाठीवर, मध्ये पद्धत बदलून. आणि पोहताच येत नसेल तर तिथेच नवशिक्यांचा वर्ग घेता येतो. शारीरिक शिक्षणाचे जे वर्ग तुला एरवीही करावेच लागणार आहेत, त्यांतच तो मोजला जातो. म्हणजे ही गाळणी परीक्षा नाही. येत असेल तर दाखव, नसेल तर शिक, एवढाच तिचा अर्थ.

वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. मराठी घरांतून बहुतेक मुलं एमएसला जातात, त्यांना ही अट लागत नाही. ती पदवीच्या, म्हणजे बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी असते, तीही मोजक्याच कॉलेजांत. कॉर्नेलची अनेक वर्षांची पद्धत 75 यार्डांची: पाय खाली ठेवून खोल पाण्यात उडी, मग एक फेरी पोटावर, एक पाठीवर आणि तिसरी हवी तशी. कोलंबिया कॉलेजची जुनी अटही 75 यार्डांचीच, पण त्याच विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ती नव्हती. नोत्र दामनं 2014 मध्ये अट काढली, डार्टमथनं 2022 मध्ये. चीनमध्ये उलटं झालं. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठानं 2017 साली 50 मीटर पोहण्याची अट परत आणली. हे नियम बदलत राहतात, म्हणून सीनिअरनं काय सांगितलं यावर न जाता आपल्या वर्षाचा नियम कॉलेजच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या पानावर वाचावा.

या अटीमागे एक कथा सांगतात, ती तुलाही कुणीतरी ऐकवेलच. टायटॅनिकवर 1912 मध्ये हॅरी वाइडनर नावाचा हार्वर्डचा पदवीधर बुडाला, त्याच्या आईनं हार्वर्डला ग्रंथालय बांधून दिलं आणि प्रत्येक विद्यार्थ्याला पोहता आलंच पाहिजे अशी अट घातली. ग्रंथालय खरं आहे, अट खरी नाही. अशाच कथा बऱ्याच कॉलेजांत तिथल्या तिथल्या देणगीदाराच्या नावानं फिरतात. खरं कारण साधं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बुडून फार माणसं मरत होती. 1914 मध्ये तिथल्या रेड क्रॉसनं जीवरक्षणाचं शिक्षण सुरू केलं. पुढे दोन महायुद्धांत जहाजावर चढणाऱ्या तरुणांना पोहता येत नाही हे दिसलं, आणि कॉलेजांनी पोहणं अभ्यासक्रमात घेतलं.

अट काढून टाका म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो तो इथपर्यंत: सगळ्यांना लहानपणी तलाव मिळालेला नसतो. अमेरिकेत तर काळ्या लोकांना सार्वजनिक तलावांत येऊच देत नसत. त्यांना घ्यायला लागू नये म्हणून काही शहरांनी आपले तलाव बंद केले, बुजवले. 1964 मध्ये फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनच्या एका मोटेलच्या मालकानं, निदर्शनं करणारे काळे-गोरे तरुण तलावात उतरले म्हणून पाण्यात अ‍ॅसिड ओतलं होतं. ज्यांच्या आजी-आजोबांना पाण्यापासून हाकललं, त्यांच्या नातवंडांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर पोहून दाखवावं, ही अपेक्षा अन्यायाचीच. पण त्यावर उपाय म्हणून परीक्षा रद्द केली तर ज्याला पोहता येत नाही तो तसाच बाहेर पडतो. परीक्षा ठेवा, पण लाज न वाटू देता शिकवा. लातूर-बीडकडची मुलं माझ्याकडे येतात. त्यांनी टँकरमागे रांगा लावल्या आहेत, पोहण्याइतकं पाणी एका जागी पाहिलेलंच नाही. अशा मुलाला वीस वर्षांचा झाल्यावर कुणी सक्तीनं आणि आपुलकीनं पोहायला शिकवत असेल, तर मी त्या सक्तीच्या बाजूनं आहे.

आता तुझ्या भीतीबद्दल. तू लिहिलंयस, 'बाकी सगळी भावंडं तशीच शिकली, मलाच जमलं नाही.' हे डोक्यातून काढ. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवायची जुनी रीत चांगली होती. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक वर कठड्यावर काकाच्या हातात आणि पाण्यात शेजारी एक पोहणारा. त्यात ढकलणं असलं तरी मुलाला ठाऊक असायचं की दोर आहे. दोर नाही, भोपळा नाही, सांगितलेलं नाही आणि मागून धक्का, हे शिकवणं नव्हे. अशा धक्क्यानंतर काही मुलं हातपाय मारून वर येतात आणि पुढे पोहू लागतात. त्यांचे किस्से घरोघरी सांगितले जातात. उरलेली तुझ्यासारखी गप्प बसतात आणि माझ्याकडे तिशी-चाळिशीत येतात. त्यांची संख्या बघता 'ढकलला की येतं आपोआप' हे वाक्य मला सहन होत नाही.

त्या दिवशी काय झालं असणार ते सांगते, कारण ते समजलं तर पुढचं सोपं जाईल. विहिरीचं पाणी गार. गार पाणी अंगाला एकदम लागलं की माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो. ते कुणाच्याही हातात नसतं. तोंड तेव्हा पाण्याखाली असेल तर पाणी घशात जातं, घसा आवळतो आणि श्वास बंद झाला असं वाटतं. पायाला ठाव नाही, वर यायची दिशा कळत नाही. तुझ्या मेंदूनं त्या काही सेकंदांत एक गोष्ट पक्की केली: पाणी म्हणजे श्वास बंद. त्यानंतर तू पाणी टाळत गेलीस. टाळलं की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की टाळणं बरोबरच होतं असं मेंदू धरून चालतो. म्हणून अशी भीती नुसत्या वर्षांनी कमी होत नाही. पाण्यात राहून, श्वास चालू ठेवून, पुन्हा पुन्हा काहीही वाईट न घडण्याचा अनुभव घेतला की मगच ती उतरते.

यावरून माझं शिकवण्याचं सूत्र ठरलेलं आहे. घाबरणाऱ्या माणसाला हातपाय मारायला आधी शिकवायचं नाही. आधी दोन गोष्टी: पाण्यात श्वास सोडणं आणि आडव्याचं उभं होणं. या दोन आल्या की पोहणं ही फक्त सरावाची बाब राहते. या आल्या नाहीत तर माणूस एक फेरी कशीबशी मारतो, पण आयुष्यभर घाबरतच.

श्वासापासून सुरू कर. नवशिके पाण्यात तोंड घालताना गाल फुगवून श्वास धरून ठेवतात. दहा-पंधरा सेकंदांत छातीत कोंडतं, ते घाबरून डोकं वर काढतात आणि भरलेल्या छातीवरच आणखी हवा घ्यायला बघतात. ती आत मावत नाही आणि 'श्वासच मिळाला नाही' असं वाटतं. खरं तर तेव्हा ऑक्सिजन संपलेला नसतो. कार्बन डायऑक्साइड साठला की शरीर कोंडल्याची जाणीव देतं. उपाय एकच. पाण्यात असताना सतत, सावकाश, नाकातून हवा सोडत राहायची. बाहेर आल्यावर श्वास घ्यावा लागत नाही, तो आपोआप आत येतो.

हे आजपासून घरी कर. मोठी परात किंवा घमेलं घे, कोमट पाण्यानं भर, हनुवटी पाण्याला लागेल असं बस. आधी फक्त ओठ पाण्यात आणि फुंकर. मग नाक बुडवून 'हं' असा सूर काढ. सूर चालू असेपर्यंत नाकात पाणी शिरत नाही, कारण हवा बाहेर येत असते. हे स्वतः अनुभवल्याशिवाय कुणाला पटत नाही. मग कपाळापर्यंत चेहरा, डोळे उघडे, गॉगल लावून. चेहरा पाण्यात गेला की नाडी थोडी संथ होते, ही शरीराची उपजत सोय आहे. घाबरलेल्या माणसाच्या ती कामी येते, पण तो श्वास सोडत असेल तरच. कंटाळा येईल इतकं कर. कंटाळा आला म्हणजे भीती गेली असं मी धरते.

एक इशारा इथेच. तलावात उतरण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहायचा खेळ मुलं करतात. तो कधीही करायचा नाही. त्यानं कोंडल्याची जाणीव उशिरा येते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, उभं होणं. कमरेएवढ्या पाण्यात, जिथे तळाला पाय टेकतात तिथेही, नवशिका माणूस पोटावर आडवा झाला की त्याला उभं राहता येत नाही. तो आधी डोकं वर उचलतो. डोकं चार-पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर काढलं की शरीर तेवढं खाली जातं, पाय मागे तरंगत राहतात आणि तीन फूट पाण्यात गटांगळ्या खायची वेळ येते. क्रम उलटा हवा. आडवी असताना आधी गुडघे पोटाशी घे, दोन्ही पसरलेले हात पाण्यात खाली दाब, पाय आपोआप तुझ्याखाली येतील, तळवे टेकव, आणि सगळ्यात शेवटी डोकं वर. पाठीवर असशील तर हनुवटी छातीकडे घे, बसल्यासारखी हो आणि गुडघे जवळ ओढ. पहिला संपूर्ण आठवडा याला दिला तरी वाया जात नाही. माझ्याकडे मोठी माणसं विचारतात, 'मॅडम, हात कधी शिकवणार?' मी म्हणते, परत उभं राहता येतंय याची खात्री झाली की शरीर स्वतःच पुढे जायला बघतं.

मागच्या काही वर्षांतला एक मुलगा सांगते. बीडकडचा, उंच, सडपातळ, कॉर्नेलला निघालेला. उथळ बाजूला पाणी त्याच्या छातीच्याही खाली होतं, तरी कडेचा पाइप त्याच्या हातातून सुटेना. 'सोड' म्हणून उपयोग नव्हता. मी त्याला पाइपावर दहाच्या ऐवजी आठ बोटं ठेवायला सांगितली. दोन श्वास सोडून झाले की सहा. मग एका हाताची दोनच बोटं, आणि दुसरा हात माझ्या तळव्यावर. त्या दोन बोटांवर त्याचा काही भार नव्हता, नखं मात्र पांढरी पडली होती. मी त्याच्याशी त्याच्या गावच्या एसटीच्या वेळांबद्दल बोलत राहिले, कारण बोलणारा माणूस श्वास सोडत असतो. गाडी कुठल्या फाट्यावर थांबते ते सांगताना त्यानं दिशा दाखवायला हात वर केला, आणि पाइप सुटलेला त्याच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा तो नुसता उभा होता, पाण्यात, काहीही न धरता. त्या दिवशी आम्ही पुढे काहीच केलं नाही. जे जमलं तिथेच थांबलं की ते मनात टिकतं. थकल्यावर आणखी एक प्रयत्न करायला लावला आणि त्यात नाकात पाणी गेलं, तर घरी जाताना माणूस तेवढंच घेऊन जातो.

नंतर तरंगणं. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या इतकी जवळ आहे की छाती हवेनं भरली की बहुतेक जण तरंगतात आणि पूर्ण रिकामी केली की बरेच जण हळूहळू खाली जातात. छातीतली एक लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलून धरते. सडपातळ मुलामुलींचे, त्यातही मुलांचे, पाय खाली जातात. ते चूक नाही, शरीराची ठेवण आहे. पाठीवर पडताना कान पाण्यात जाऊ दे, डोळे छताकडे, पोट वर, हात डोक्याच्या बाजूला लांब. हात वर नेले की पाय जरा उचलले जातात. कान पाण्यात गेले की बाहेरचे आवाज बंद होतात आणि स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येतो. घाबरणाऱ्यांना पहिल्यांदा याचाच धसका बसतो, म्हणून मी आधीच सांगून ठेवते. शिक्षकाचा हात मानेखाली असावा, पाठीखाली नव्हे. आणि तो काढायच्या आधी त्यानं सांगितलंच पाहिजे. 'मी धरलंय' म्हणत गुपचूप सोडणारा शिक्षक तुझ्या मामेभावंडांचंच काम पुन्हा करतो. अशा शिक्षकाकडे जाऊ नकोस.

यानंतरचं भराभर होतं. कडेला पाय लावून पोटावर सरकायचं, चेहरा पाण्यात, श्वास सोडत, मग उभं. त्यात पाय मारणं मिसळायचं, मांडीपासून, गुडघ्यातून सायकल मारल्यासारखं नाही. किकबोर्ड, म्हणजे हातांत धरायची तरंगणारी फळी, थोडेच दिवस वापर, त्याची सवय लागते. ट्यूब तर नकोच. कमरेला ट्यूब असताना शरीर जसं राहतं तसं ट्यूबशिवाय राहत नाही, म्हणजे शिकलेलं सगळं पुसून परत शिकावं लागतं.

फ्रीस्टाइलच्या, म्हणजे पोटावर पडून आळीपाळीनं एकेक हात मारायच्या प्रकाराच्या, मागे मात्र लागू नकोस. इथल्या बहुतेक बॅचमध्ये थेट तीच शिकवतात, आणि त्यात डोकं बाजूला वळवून श्वास घेणं हा सगळ्यात अवघड भाग आहे. तुझ्या परीक्षेला पद्धतीचं बंधन नाही. मी तुझ्यासारख्यांना उताण्या पोहण्याचा सोपा प्रकार आधी शिकवते. पाठीवर पडायचं, दोन्ही हात अंगाला घासत काखेपर्यंत वर आणायचे, बाजूला पसरायचे, आणि एकदम मांड्यांकडे पाणी लोटायचं. पाय बेडकासारखे त्याच वेळी. मग काही न करता सरकत राहायचं, वेग संपेपर्यंत. नाक-तोंड सगळा वेळ हवेत. दम लागतच नाही. या एका प्रकारावर चार फेऱ्या आरामात निघतात. त्याच्या जोडीला पोटावरचा एखादा प्रकार, ब्रेस्टस्ट्रोक किंवा जमेल तशी फ्रीस्टाइल, एका फेरीपुरता आला की कॉर्नेलसारखी परीक्षाही होते.

खोल बाजूचं वेगळं लिहायला हवं, कारण शिकलेली माणसं इथे परत घाबरतात. उथळ बाजूला वीस फेऱ्या मारणारी बाई पोहत पोहत तलावाच्या उतारावर येते, गॉगलमधून खालच्या फरशीच्या रेषा एकदम दूर जाताना दिसतात, आणि तिचे हात थांबतात. पाणी तेच, तरंगणंही तेच. किंबहुना खोली वाढल्यानं काहीच बदललेलं नसतं, फक्त डोळ्यांना ते पटत नाही. म्हणून खोल बाजूला पोहत नेण्याआधी मी कडेनं, पाइप धरून नेते. तिथे धरूनच श्वास सोडायचा, मग पाइपच्या शेजारीच पाठीवर तरंगायचं, मग पाइप धरून पाय सरळ खाली सोडून बुडी मारायची आणि वर यायचं. अंग वर येतं हे तिथे, ठाव नसलेल्या पाण्यात, कळायला हवं. मग उडी: कडेवर बसून, नंतर उभं राहून, पाय खाली. नाकातून हवा सोडत. वर आल्यावर लगेच पोहायला निघायचं नाही, आधी पाठीवर वळून दोन श्वास. हा क्रम अंगवळणी पडला की परीक्षेतलंच नव्हे, खरोखरच्या पडण्यातलंही अर्धं काम झालं.

आता दिवसांचं गणित. रोज जायला मिळालं तर आठ-दहा आठवडे तुझ्यासारखीला पुरतात, असा माझा अनुभव आहे. आठवड्यातून दोनदा गेलीस तर पुरणार नाहीत, कारण प्रत्येक वेळी भीती थोडी परत भरते. उन्हाळी सुट्टीच्या बॅचमध्ये तलावात इतकी मुलं असतात की कडेलासुद्धा जागा मिळत नाही. पाणी सतत तोंडावर उडतं, धक्के लागतात. तुला हे सुरुवातीला मुळीच नको. पहाटेची किंवा फक्त महिलांची बॅच बघ. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की तलाव ओस पडतात, आणि तुझे खरे दिवस तेच. पावसाळ्यात पाणी गार असतं. पायऱ्यांवरून एकेक पायरी उतर, तोंडावर आणि मानेवर पाणी घे, आणि मगच आत. शिक्षक निवडताना विचार, 'मोठ्या, घाबरणाऱ्या माणसांना पहिल्या दिवशी काय शिकवता?' उत्तर 'पंधरा दिवसांत फ्रीस्टाइल' असं आलं तर पुढचं दार ठोठाव.

काही बारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. चष्मा असेल तर नंबरचा गॉगल घे, तो मिळतो. चष्मा काढल्यावर समोरचं धूसर झालं की भीती दुप्पट होते, आणि कित्येकांना आपण पाण्याला नव्हे, न दिसण्याला घाबरत होतो हे गॉगल लावल्यावरच कळतं. पोशाख अंगभर हवा असेल तर तो पोहण्याच्याच कापडाचा घे. सुती टीशर्ट आणि लेगिंग पाणी पिऊन जड होतात आणि पाय ओढतात. पाळीच्या दिवसांत चार-पाच दिवस बुडतात, ते आधीच धरून चाल. कप किंवा टॅम्पॉन वापरत असशील तर तेही बुडणार नाहीत. कानाच्या पडद्याला छिद्र, फिट्स, दमा यांतलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नकोस, आणि शिक्षकाला सांगितल्याशिवाय तर नाहीच. आणि छातीतली धडधड पाण्याच्या नुसत्या विचारानं, रात्री झोपेतही होत असेल, तर समुपदेशकाची मदत घे. पोहण्याचा शिक्षक पाण्यातली भीती काढू शकतो, त्या प्रसंगाचा सगळा भार त्याला उतरवता येत नाही.

इतकं करूनही ऑगस्टपर्यंत चार फेऱ्या झाल्या नाहीत तर? काहीही बिघडत नाही. तिथे पोचल्यावर परीक्षेच्या रांगेत उभी न राहता सरळ नवशिक्यांच्या वर्गात नाव घाल. इथून श्वास आणि उभं राहणं घेऊन गेलीस तर त्या वर्गात तू पुढेच असशील. मी तर म्हणेन, जमत असलं तरी मनात धाकधूक असेल तर वर्गच घे. आणि परीक्षा दिलीसच तर एकच सांगणं: पहिली फेरी मुद्दाम सगळ्यात सावकाश. शेजारच्या लेनमधली मुलं लहानपणापासून पोहणारी असतात, ती सपासप जातील. त्यांच्याबरोबर जायला गेलं की दुसऱ्या फेरीच्या मध्यावर दम संपतो. दमलीस तर पाठीवर वळ आणि हात मारत राहा.

एमआयटीत आणखी एक गंमत आहे, ती तुला हुरूप देईल. तिरंदाजी, तलवारबाजी, पिस्तूल आणि शिडाची होडी, असे चार वर्ग शारीरिक शिक्षणात पूर्ण केले की तिथे 'चाचा'चं, म्हणजे पायरेटचं, प्रमाणपत्र देतात. होडी चार्ल्स नदीवर चालवायची असते, आणि त्यासाठी आधी पोहता यायला लागतं. भीती घालवायला नुसत्या परीक्षेपेक्षा असं काहीतरी समोर असलेलं बरं.

शेवटी, चार फेऱ्या झाल्या म्हणून उघड्या पाण्यात उतरता येतं असं समजू नकोस. तलावाचं पाणी ऊबदार, स्वच्छ, थांबलेलं असतं आणि कडेला जीवरक्षक असतो. नदीला ओढ असते, तळं न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे एमआयटी आहे त्या ईशान्य अमेरिकेत, मे महिन्यातही इतकं गार असतं की चांगल्या पोहणाऱ्याचाही पहिल्या मिनिटात श्वास तुटतो. कॉर्नेलच्या आवारातल्या घळींत धबधब्याखाली डोह आहेत. तिथे पोहायला बंदी आहे आणि ती पाळायचीच. आपल्याकडे पावसाळी सहलीत धरणाच्या कडेला जे होतं तेच तिथेही होतं. मुलांचा घोळका, एक जण घसरतो, दुसरा त्याला काढायला उडी टाकतो. बुडणारा माणूस आरडाओरडा करत नाही, हात हलवत नाही. तो उभ्या अवस्थेत, तोंड पाण्याच्या पातळीवर, गप्प असतो, आणि जवळ येणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. त्याला काठावरून काठी, ओढणी, दोर दे, तरंगणारं काहीही फेक, मदत बोलाव. आत उतरू नकोस, चार फेऱ्याच काय, चाळीस येत असल्या तरी.

अमेरिकन रेड क्रॉस पाण्यात सुरक्षित राहायला पाच गोष्टी सांगते: डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोलीत उतरून पुन्हा वर येणं, एक मिनिट तरंगणं, पूर्ण गोल वळून बाहेर पडायची जागा शोधणं, 25 यार्ड पोहून तिथे जाणं, आणि शिडीशिवाय काठावर चढणं. शेवटचं कुणी शिकवत नाही. दोन्ही तळहात काठावर टेकवून, पाय मारत, छाती वर आणून, एक गुडघा काठावर ठेवायचा असतो, आणि पहिल्यांदा बहुतेकांना जमत नाही. तुझ्या शिक्षकाकडून ते आवर्जून करून घे. आणि या आठवड्यातच कॉलेजच्या शारीरिक शिक्षण विभागाला मेल टाक: परीक्षा कधी आहे, नवशिक्यांच्या वर्गाची नोंदणी कधी उघडते, तलावाची खोली किती आहे आणि अंगभर पोशाख चालतो का. उत्तर आलं की तलावाच्या खोलीचा आकडा मला कळव. तेवढ्याच खोलीचा तलाव तुझ्या जवळपास कुठे मिळतो ते आपण बघू.